कोळंबी सँडविचवाले प्रेक्षक आले कुठून?

रात्री जागून इंग्लंडची प्रीमियर लीग फुटबॉल बघणाऱ्या मालवण-वेंगुर्ल्याच्या पोरांना "प्रॉन सँडविच ब्रिगेड", म्हणजे महागड्या जागी बसून मॅचपेक्षा खाण्यापिण्यात रमणारे प्रेक्षक, हा शब्द माहीत असतो, पण त्यामागची गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय. कोळंबी म्हणजे आपली सुंगटं, इकडे घराघरात शिजणारी, पण तिकडे तीच महागड्या खुर्चीची खूण झाली. नोव्हेंबर २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडने डायनॅमो कीव्हला १-० हरवलं आणि मॅचनंतर कॅप्टन रॉय कीन घरच्याच प्रेक्षकांवर भडकला, की बाहेरच्या मॅचला येणारे आपले सपोर्टर जबरदस्त, पण इथे काही जण थोडी पितात, कोळंबीचं सँडविच खातात आणि मैदानात काय चाललंय ते त्यांना कळतच नाही.

आता गंमत बघा, ब्रिटनमधल्या फुटबॉल मैदानावरचे पहिले प्रायव्हेट बॉक्स, म्हणजे स्टँडमधल्या खास बंद खोल्या, युनायटेडच्या याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर झालेले. १९६६ चा वर्ल्ड कप येणार म्हणून १९६५ मध्ये नवा स्टँड बांधला त्यात. त्याच वर्षी अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्येही असेच बॉक्स, म्हणजे स्कायबॉक्स आले. आपल्या गावच्या अंडरआर्म टूर्नामेंटला पाहुण्यांसाठी सोफे टाकतात ना, तसंच वाटेल, पण आपल्याकडे सोफा मानाने मिळतो आणि तिकडे कंपनी अख्खा सीझन बॉक्स विकत घेते, आपल्या गिऱ्हाइकांना जेवायला बोलावते, मॅच त्या जेवणाबरोबर येते.

१९८२ मध्ये टॉटनहॅमने ७२ बॉक्सचा वेस्ट स्टँड बांधला आणि कर्जात बुडाले, क्लबची मालकी बदलली, आणि १९८३ ला लंडन शेअर बाजारात उतरणारा तो पहिला फुटबॉल क्लब ठरला. म्हणजे बॉक्स बांधायला पैसा, तो फेडायला शेअर, आणि शेअरवाल्यांसाठी परत जास्त कमाई.

मग १९८९ चं हिल्सबरो, तिथल्या मैदानात मॅचला गर्दीत चेंगराचेंगरी झाली. ९७ माणसं गेली. त्याच्या चौकशीच्या, जज टेलर यांच्या रिपोर्टनंतर वरच्या दोन डिव्हिजनमध्ये उभं राहून बघायच्या जागा जाऊन खुर्च्या आल्या, आणि जीव वाचायला त्या हव्याच होत्या. पण त्याच रिपोर्टमध्ये टेलरनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिलेला, तिथे खुर्चीचं तिकीट ६ पाउंड आणि उभ्याचं ४, म्हणजे खुर्ची आली म्हणून साध्या माणसाला परवडणार नाही असं व्हायला नको. क्लबांनी खुर्च्या घेतल्या, हे वाक्य सोडून दिलं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

पुढे आर्सेनल २००६ मध्ये हायबरी हे जुनं मैदान सोडून एमिरेट्स या नव्या मैदानात गेलं तेव्हा साधारण ६० हजारांच्या स्टेडियममध्ये दीडशे बॉक्स आणि जवळपास ७ हजार क्लब लेव्हल, म्हणजे मधल्या मजल्यावरच्या महागड्या सीट होत्या, म्हणजे नकाशा काढतानाच धरलेल्या.

आणि हाफटाइमनंतर टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसतात त्याला एक कायदाही कारण आहे. १९८५ पासून इंग्लंडमध्ये मॅच चालू असताना मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे, त्यामुळे ग्लास संपवायचा तर आतच बसावं लागतं. २००७ ला लंडनचं नवं वेम्बली स्टेडियम उघडलं तेव्हा तर हे अख्ख्या जगाने बघितलं, सेकंड हाफ सुरू झालेला, वरचा आणि खालचा मजला गच्च, आणि मधल्या मजल्यावरच्या सगळ्यात महागड्या लाल खुर्च्या तशाच मोकळ्या.