धोकादायक कामांत अल्पवयीनांना मनाई (भारत)

ज्या कामामुळे वाढत्या वयातील मुलाच्या जिवाला, शरीराला किंवा मनाला अपाय होण्याचा संभव असतो, अशा कामावर ठरावीक वयाखालील व्यक्तीला ठेवण्यास कायद्याने केलेली बंदी. भारतात या बंदीचे दोन उंबरठे आहेत. चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या ‘बालका’ला जवळजवळ कोणत्याच कामावर ठेवता येत नाही. चौदा ते अठरा वयाच्या ‘किशोरवयीना’ला इतर कामे करता येतात, धोकादायक कामे मात्र करता येत नाहीत. मुख्य कायदा बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ हा आहे. किशोरवयीनांसाठीची बंदी त्यात २०१६ च्या दुरुस्तीने आली; त्याआधी खाणी आणि कारखान्यांतील काही कामे सोडली, तर पंधरा वर्षांच्या मुलाने भट्टीपुढे उभे राहू नये असे सांगणारा सर्वसाधारण कायदा देशात नव्हता.

मोठ्या माणसालाही जे काम अपायकारक असते, ते मुलाला वेगळे ठरवून का नाकारायचे, याचे उत्तर शरीरातच आहे. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, म्हणून तीच धूळ आणि तोच वायू त्याच्या फुप्फुसांत अधिक जातो. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या शरीरात साधारण दहावा भाग शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचते, आणि त्याचा मारा घडत असलेल्या मेंदूवर होतो. हाडांची टोके जुळलेली नसताना रोज ओझे वाहिले तर पाठीचा कणा आणि सांधे कायमचे बिघडतात. यंत्रे, हातमोजे, मुखपट्ट्या सगळे प्रौढांच्या मापाचे असते. शिवाय काही रोग उशिरा उगवतात. पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या मंदसोरच्या (मध्य प्रदेश) कामगारांत सिलिकोसिसने माणसे ऐन तरुणपणी गेली, कारण दगडाची धूळ छातीत साठायला सुरुवात फार लवकर झालेली होती. मुलाला काम झेपते की नाही, एवढेच पाहून चालत नाही ते यामुळे. काम झेपत असतानाच अपाय होत असतो.

इतिहास : कल्पना इंग्लंडमधून आली. तिथे १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुले घेण्यास बंदी झाली आणि १८४२ मध्ये दहा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरवणे थांबले. भारतात हा प्रश्न प्रथम मुंबईच्या गिरण्यांनी उभा केला. गिरण्यांत सूत कातण्याच्या साच्यांवरच्या (यंत्रांवरच्या) भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावण्याचे काम मुलांकडे असे. बारीक बोटे आणि ठेंगणी उंची हीच त्यांची पात्रता. जॉबर मजूर भरती करी, त्यात घरची पोरेही येत. १८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मुंबईचे समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मुलांच्या आणि स्त्रियांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणाऱ्या कायद्यासाठी सातत्याने प्रयत्न केले. मुंबईच्या गिरणीमालकांचा विरोध होता. भारतीय गिरण्यांची स्पर्धा खुपणाऱ्या, इंग्लंडमधील लँकेशायरच्या कारखानदारांना मात्र हा कायदा हवा होता. एतद्देशीय वृत्तपत्रांतील बरीच मंडळी या दुसऱ्या गोष्टीकडे बोट दाखवून कायद्यालाच विरोध करीत. लँकेशायरचा हेतू स्वार्थी होता हे खरेच, पण साच्याखाली रांगणाऱ्या पोराला त्या हेतूशी देणेघेणे नव्हते.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू झाला. सात वर्षांखालील मुलांना बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास, आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण, एवढाच त्याचा आवाका. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण सात वर्षे ही त्या काळी ‘सुधारणा’ होती. पुढे किमान वय १८९१ मध्ये नऊ, १९२२ मध्ये बारा आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने चौदा झाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या वतीने चालवलेली चळवळ रविवारच्या सुट्टीसाठी ओळखली जाते. ती सुट्टी गिरणीत राबणाऱ्या मुलांनाही मिळाली.

वयाबरोबर कामाचे स्वरूप पाहणारा पहिला कायदा १९३८ चा. त्याने रेल्वे आणि बंदरांतील कामांसोबत विड्या वळणे, गालिचे विणणे, सिमेंट, आगकाड्या, स्फोटके व दारूकाम, अभ्रक कापणे, कातडी कमावणे अशा प्रक्रियांची यादी केली आणि त्या चालणाऱ्या कार्यशाळांत मुलांना मनाई केली. ‘यादी’ हे हत्यार तेव्हापासून आपल्या कायद्यात आहे. त्याच कायद्यात एक पळवाटही होती : मालक घरच्या माणसांच्या मदतीने जिथे काम करतो, ती कार्यशाळा बंदीतून सुटलेली. ही पळवाट १९८६ च्या कायद्यातही तशीच राहिली, आणि विडी घरात वळली जाते, गालिचाचा माग घरात असतो, हे सर्वांना माहीत असूनही राहिली.

१९४८ च्या कारखाना कायद्यातील काही तरतुदी आजही नमुना म्हणून पाहाव्यात अशा आहेत. अठरा वर्षांखालील मुलाला चालू यंत्राची सफाई करण्यास किंवा त्याला तेल घालण्यास बंदी. धोकादायक यंत्रावर काम द्यायचे तर आधी धोक्याची पूर्ण माहिती, आणि पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख. कापूस पिंजण्याच्या यंत्राजवळ मुलांना मज्जाव. किशोरवयीन कामगाराला डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा लागे आणि त्या दाखल्याचा उल्लेख असलेला बिल्ला कामावर जवळ बाळगावा लागे. खाणींबाबतचा १९५२ चा कायदा अधिक कडक. अठरा वर्षांखालील कोणालाही खाणीत काम नाही. अपवाद फक्त सोळा पूर्ण केलेल्या शिकाऊ उमेदवारांचा, तोही देखरेखीखाली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे सामावून घेण्यात आले. बालकामगारांचा कायदा स्वतंत्रच ठेवला गेला.

संविधान आणि न्यायालये : संविधानाचा अनुच्छेद २४ सांगतो की चौदा वर्षांखालील बालकाला कारखान्यात, खाणीत किंवा अन्य कोणत्याही धोकादायक कामावर ठेवले जाणार नाही. ‘अन्य कोणत्याही’ या शब्दांचे वजन १९८२ मध्ये दिसले. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालू होती आणि तिथे मुले कामाला होती. सरकारचे म्हणणे, बांधकाम १९३८ च्या यादीत नाही. यादीत असो वा नसो, बांधकाम धोकादायक आहे आणि अनुच्छेद २४ आपल्या बळावर लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे, कारण धोका यादीतून जन्मत नाही हे त्यात स्वच्छ म्हटले गेले.

शिवकाशीच्या (तमिळनाडू) आगकाड्या आणि फटाक्यांचे प्रकरण यापेक्षा रेंगाळले. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना उत्पादनापासून दूर ठेवायला सांगितले, पण वेगळ्या जागी पॅकिंगचे काम चालेल असे म्हटले. फटाक्यांच्या दारूच्या गावात ‘वेगळी जागा’ कितपत वेगळी असणार? १९९६ च्या निकालात ही सवलत उरली नाही. धोकादायक कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये पुनर्वसन निधीत भरावेत, सरकारने त्या घरातील एका प्रौढाला काम द्यावे, आणि ते जमत नसेल तर निधीत ५,००० रुपये घालावेत, असा आदेश झाला. मूल कामावरून काढले की घरातली मिळकत तुटते, ही गोष्ट न्यायालयाने इतक्या थेटपणे प्रथमच हिशेबात घेतली.

आजची व्यवस्था : १९८६ च्या कायद्याची अनुसूची वाढत वाढत ऐंशीच्या वर नोंदींवर गेली होती. कचरा वेचणे, कडबा कापणे व मळणीयंत्रावरचे काम, कीटकनाशके हाताळणे, सर्कस, एवढेच काय हत्तींची निगा राखणेही तिच्यात होते. १० ऑक्टोबर २००६ पासून घरकाम, ढाबे आणि हॉटेले आली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखालील सर्व कामे बंद केल्यावर ही जुनी यादी काढून टाकली आणि किशोरवयीनांसाठी फक्त तीन नोंदी ठेवल्या : खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटके, आणि कारखाना कायद्यात सांगितलेल्या धोकादायक प्रक्रिया. टीका झाली, आणि ती योग्य होती. ऑगस्ट २०१७ च्या अधिसूचनेने यादी पुन्हा विस्तारली. दगडखाणी, वीटभट्ट्या, जहाजतोडणी, तंबाखू हाताळणे अशी कामे नावानिशी आली. यादीचे दोन भाग आहेत. पहिल्यातील कामे किशोरवयीनांना बंद. दुसऱ्यातील कामांत बालकाने घरच्यांना मदतही करायची नाही. त्याच वर्षी जून महिन्यात भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या किमान वयाच्या (क्रमांक १३८) आणि बालमजुरीच्या अतिनिकृष्ट प्रकारांच्या (क्रमांक १८२) करारांना मान्यता दिली.

चौदा की अठरा, हा वाद कारखान्याबाहेरही जातो. मुंबई-ठाण्याच्या दहीहंडीत सर्वांत वर चढणारा गोविंदा वजनाने हलका, म्हणून लहान असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालील गोविंदांना मनाई केली होती. २०१७ मध्ये राज्य शासनाने चौदाखालील मुले सहभागी होणार नाहीत अशी हमी दिली आणि रेषा तिथे येऊन थांबली.

घरची मदत : कायद्याची सर्वांत नाजूक जागा ही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात बालकाने मदत केली तर तो गुन्हा नाही. कुटुंबात आईवडील आणि भावंडांबरोबर काका, आत्या, मामा, मावशी धरले आहेत. त्यामुळे कारखानदार ‘मामा’ निघायला वेळ लागत नाही. २०१७ च्या नियमांनी ही फट बरीच बुजवली. शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या काळात मदत चालत नाही, विश्रांती सोडून तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि घर स्वतः त्या धंद्याचे मालक असले पाहिजे.

मराठवाड्यातील ऊसतोडणी या नियमांसमोर ठेवून पाहावी. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते ती जोडप्याच्या नावावर. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मजुरी टनावर. मूल हजेरीत कुठेच नसते, पण टोळी पहाटे फडात उतरते तेव्हा तेही उतरते. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, मोळ्या बांधायला हात लावते, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते. वेळेचा नियम इथे मोडतो. आणि फड या घराचा नाही, कारखान्यासाठी तोडलेल्या उसाचा आहे, म्हणून ‘घरचा व्यवसाय’ ही सबबही टिकत नाही. तरीही कामावर ठेवणारा कोण, कारखाना की मुकादम, हे कागदावर दाखवता येत नसल्याने गुन्हा नोंदवायचा कोणावर हाच प्रश्न उरतो.

दुसरी सवलत चित्रपट, मालिका, जाहिराती यांतील बालकलाकारांची. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत. सर्कशीला ही सवलत नाही.

शिक्षा : मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक ते तीन वर्षे कैद. गुन्हा दखलपात्र आहे. आईवडिलांना पहिल्या वेळी शिक्षा नाही. सुटका झालेल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे नेतात. वसूल झालेला दंड आणि सरकारचे १५,००० रुपये त्याच्या नावे पुनर्वसन निधीत जमा होतात. शिक्षणहक्क कायदा मात्र सहा ते चौदा वयापुरताच आहे. पंधराव्या वर्षी भट्टीवरून सोडवलेल्या मुलाला कोणत्या शाळेत पाठवायचे, याचे उत्तर श्रमकायद्यात नाही आणि शिक्षणाच्या कायद्यातही नाही.

वयाचा पुरावा : सगळी बंदी एका तारखेवर उभी असते. शाळेचा दाखला, नसल्यास नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसल्यास हाडांच्या वाढीवरून डॉक्टरने केलेला अंदाज, असा क्रम अल्पवयीनांविषयीच्या कायद्यात धरला जातो. हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि सतरा की एकोणीस यावर खटला फिरतो. महाराष्ट्राच्या खेड्यांत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या विलक्षण मोठी आहे. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवत नसे, तेव्हा पहिलीत बसेल असे वर्ष धरून गुरुजी १ जून लिहून टाकत. अशा मुलाचे वय दाखल्याप्रमाणे खऱ्यापेक्षा जास्त भरते तेव्हा, कागदावर अठरा पूर्ण झालेला आणि प्रत्यक्षात सोळा-सतरातला मुलगा खाणीच्या तोंडाशी कायदेशीरपणे उभा राहू शकतो.