टायर आणि चाकांवरील खुणा

मोटारगाडीच्या टायरच्या साइडवॉलवर म्हणजे बाजूच्या भिंतीवर उठावात छापलेले आकडे, अक्षरे व बाण, नक्षीच्या खाचांतील उंचवटे, नव्या टायरवरील रंगीत ठिपके आणि डिस्कवर (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकावर) कोरलेली मापे यांना मिळून टायर-चाकांवरील खुणा म्हणतात. टायर कोणत्या डिस्कवर बसेल, किती वजन पेलेल, किती वेग सहन करेल आणि कधी तयार झाला, हे सगळे त्यांवरून कळते. विदर्भाच्या ग्रामीण भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, गाड्या क्षमतेपेक्षा जास्त भरल्या जातात आणि शेतरस्ता सोडला की थेट १२० किमी वेगमर्यादेचा समृद्धी महामार्ग लागतो. त्यामुळे येथे या खुणा वाचता येणे हा जिवाशी संबंधित विषय आहे.

सर्वांत ठळक खूण मापाची असते. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ यात १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा डिस्कचा इंचांतील व्यास. माप बदलताना पूर्ण टायरचा व्यास काढून पाहावा. १६५/८० आर १४ चा व्यास सुमारे ६२० मिमी येतो आणि १८५/६५ आर १५ चा सुमारे ६२१ मिमी; म्हणून दोन्ही मापे एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांवर चालू शकतात. १९५/६५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ६३४ मिमी होतो, वेगाचा काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०२ च्या वेगाने धावत असते आणि वळणावर टायर मडगार्डच्या अस्तराला घासण्याची शक्यता असते. मापाआधी ‘पी’ असल्यास टायर प्रवासी गाडीचा. ‘एलटी’ हलक्या मालवाहू गाडीचा.

मापानंतरचा आकडा भारांकाचा. तो किलोग्रॅम नव्हे, ठरलेल्या तक्त्यातील क्रमांक आहे. ७४ म्हणजे एका टायरला ३७५ किलो, ८२ म्हणजे ४७५, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५ आणि १०० म्हणजे ८०० किलो. ८५ भारांकाचे चार टायर मिळून २,०६० किलो पेलतात, पण वजन चारही चाकांवर सारखे पडत नाही. मागच्या सीटवर चार जण आणि डिक्कीत धान्याचे कट्टे असले की मागचे दोन टायर मर्यादेजवळ पोचतात, पुढच्यांना वाव राहतो. स्वस्त मिळतो म्हणून कमी भारांकाचा टायर बसवणे ही येथील सर्वांत धोक्याची काटकसर आहे. माप तंतोतंत जुळते, टायर बसतो, गाडी चालते आणि चूक मे महिन्यात भरल्या गाडीतच उघडी पडते. पिकअपच्या टायरवर ‘१०४/१०१’ असे दोन भारांक दिसले तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकांसाठी असतो. ‘एक्सएल’ लिहिलेला टायर त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा जास्त भार घेतो, मात्र त्यासाठी हवाही जास्त लागते.

शेवटचे अक्षर वेगाचे: एन १४० किमी, क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०. टी सुद्धा समृद्धीसाठी पुरेसा आहे. हा वेग टायर शाबूत असताना, भारांकाच्या मर्यादेत आणि योग्य हवेवरच लागू होतो, हे मात्र छापलेले नसते.

साइडवॉलवर बारीक अक्षरांत ‘मॅक्स लोड’ आणि ‘मॅक्स प्रेशर ३५० केपीए, ५१ पीएसआय’ असा मजकूर असतो (केपीए आणि पीएसआय ही हवेचा दाब मोजण्याची एकके). ही टायरची कमाल मर्यादा आहे, भरायच्या हवेचे प्रमाण नव्हे. गाडीला लागणारी हवा चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील स्टिकरवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेली असते. बहुतेक लहान गाड्यांना ती ३० ते ३६ पीएसआय असते आणि भरल्या गाडीसाठी वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. ‘उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून कमी भरा’ हा सल्ला गावोगावी दिला जातो. तो चुकीचा आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल जास्त दबते आणि सुटते, त्या सततच्या दबण्याने रबर आतून तापते, रबर आणि आतील दोऱ्यांची पकड सुटते, आणि टायर फुटतो किंवा नक्षीचा पट्टाच उलगडून निघतो. तापलेल्या काँक्रीटवर तासभर एकाच वेगाने धावताना ही उष्णता निघून जायला वाव मिळत नाही. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, आणि ही वाढ स्टिकरवरच्या आकड्यात आधीच धरलेली असते. म्हणून हवा सकाळी, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर मोजावी. वाटेत गरम टायरचा दाब वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये.

तयार झाल्याची तारीख ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत चार अंकांत असते. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा, अर्थात जूनचा आरंभ. शेवटी तीनच अंक असतील तर टायर २००० पूर्वीचा. पूर्ण ओळ बहुधा एकाच बाजूला असते. ती बाजू आत बसवली असेल तर गाडीखाली वाकून वाचावी लागते. जुना टायर घेताना नक्षी किती शिल्लक आहे एवढेच पाहून सौदा केला जातो, पण उन्हात उभ्या गाडीचे रबर न चालताही कडक होते आणि साइडवॉलवर केसांसारख्या बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी भरपूर असली तरी काढून टाकावा. स्टेपनीलाही हेच लागू.

नक्षी किती उरली हे ‘टीडब्ल्यूआय’ या अक्षरांवरून किंवा कडेच्या लहान त्रिकोणावरून कळते. त्या रेषेत खाचेत पाहिले की १.६ मिमी उंचीचा रबरी उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर बाद. कारसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांची किमान मर्यादाही १.६ मिमीच आहे. पावसाळ्यात डांबरावर काळ्या मातीचा चिखल पसरतो, तेव्हा ३ मिमीच्या खाली पकड झपाट्याने कमी होते; टायर गोटा होईपर्यंत थांबणे परवडत नाही. फक्त मधला भाग झिजत असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजत असतील तर कमी, एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट बिघडलेले. साइडवॉलवर आत गेलेली बारीक उभी खोलगट रेघ थरांच्या जोडाची असते, ती निर्धोक. बाहेर आलेला फुगा मात्र आतील दोऱ्या तुटल्याचे लक्षण आहे आणि त्या टायरवर गाडी चालवू नये.

‘रोटेशन’ आणि बाण असलेला टायर त्याच दिशेने फिरायला हवा. उलटा बसवला तर खाचा पाणी नीट बाहेर टाकत नाहीत. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर ठेवतात. ‘ट्यूबलेस’ टायरमध्ये ट्यूब घालण्याची सवय सोडावी: दोघांत घर्षण होऊन उष्णता वाढते आणि ट्यूब फुटली की हवा एकदम जाते. बाभळीच्या काट्याने नक्षीत पडलेले छिद्र दोरीने बुजते. पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) खुंटाने साइडवॉल फाडली तर कोणतीही दोरी चालत नाही. आयएसआय चिन्हाजवळ कारच्या टायरवर आयएस १५६३३ हा मानक क्रमांक असतो. वर्तुळातील ‘ई’ व आकडा ही युरोपीय मंजुरीची खूण. ई ४ म्हणजे नेदरलँड्समध्ये दिलेली मंजुरी.

ट्रॅक्टरचे टायर वेगळ्या पद्धतीने वाचावे लागतात. ‘१३.६-२८ १२ पीआर’ यात रुंदी इंचांत असते, मधली आडवी रेघ आडव्या-तिरप्या थरांची नायलॉन बांधणी दाखवते आणि पीआर हा मजबुतीचा दर्जा असतो, प्रत्यक्ष थरांची संख्या नव्हे. वेगाचे चिन्ह ए ६ असेल तर ३० किमी, ए ८ असेल तर ४०. मागच्या टायरच्या तिरप्या पट्ट्यांचे टोक मागून पाहताना वर असावे; उलटे बसवल्यास चिखल बाहेर फेकला जात नाही आणि चाक जागच्या जागी फिरते. बैलबंडीसाठीच्या टायरवर ‘एडीव्ही’ लिहिलेले असते. तो बैलांच्या चालीसाठी बनवलेला असून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावू नये. कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली मोठी दिसते, पण तिच्यात रेती भरली की वजन कितीतरी वाढते, आणि टायरचा अंदाज कापसावरून घेतलेला असतो.

डिस्कच्या मागच्या बाजूला ‘६ जे × १५ ईटी ४५’, ‘४ × १००’ असे आकडे असतात: रुंदी ६ इंच, कडेचा आकार जे, व्यास १५ इंच, गाडीवर बसणारी पाठ डिस्कच्या मध्यरेषेपासून ४५ मिमी बाहेरच्या बाजूला, आणि १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट. ईटी कमी असलेली अलॉय डिस्क बसवली तर चाक बाहेर येते आणि बेअरिंगवर जास्त ताण पडतो. बाजारातून अलॉय घेताना ‘जेडब्ल्यूएल’सारखी मानकाची खूण आणि मागे कोरलेला भार पाहावा. कसलीच खूण नसलेली डिस्क घेऊ नये.

नव्या टायरवरचा पिवळा ठिपका सर्वांत हलकी जागा दाखवतो. बसवताना तो हवेच्या व्हॉल्व्हजवळ ठेवला की बॅलन्सिंगला शिसे कमी लागते. मापाआधी ‘टी’ असलेली अरुंद स्टेपनी तात्पुरत्या वापराची असते: वेग ८० किमीच्या आत आणि हवा ६० पीएसआय. साध्या चाकाच्या मापाने ३२ भरून ठेवलेली अशी स्टेपनी गरजेच्या वेळी बसून जाते, म्हणून तिची हवा महिन्यातून एकदा वेगळी मोजावी.