प्राथमिक शाळेतील आंतरक्रियात्मक शैक्षणिक सॉफ्टवेअर

आंतरक्रियात्मक शैक्षणिक सॉफ्टवेअर म्हणजे मुलाने दिलेले उत्तर, काढलेली रेघ, सरकवलेली वस्तू किंवा उच्चारलेला शब्द टिपून त्यानुसार पुढची कृती ठरवणारी संगणकीय आज्ञावली. पहिली ते पाचवीच्या वर्गांत तिचा उपयोग मुख्यतः वाचन, अंकज्ञान, मूलभूत गणिती क्रिया, चित्रकला आणि प्रोग्रॅमिंगची तोंडओळख यांसाठी होतो. पडद्यावर चित्रे हलली आणि गाणे वाजले एवढ्याने कोणतेही साहित्य आंतरक्रियात्मक ठरत नाही. शाळांना पेनड्राइव्हवर मिळणारे ‘ई-लर्निंग’चे बरेचसे धडे या कसोटीवर चित्रफितींतच मोडतात.

ही कसोटी चुकलेल्या उत्तरापाशी लागते. ५२ मधून २७ वजा करताना अनेक मुले ३५ असे उत्तर लिहितात, कारण हातचा घेण्याऐवजी ती प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. सामान्य सॉफ्टवेअर अशा वेळी लाल फुली दाखवून तेच उदाहरण पुन्हा पुढे करते. चांगल्या रचनेचे सॉफ्टवेअर ३५ या उत्तरामागची रीत ओळखते, पडद्यावर दशकाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडते, आणि सात काड्या काढायला सांगून मुलालाच एक गठ्ठा सोडायला लावते. गठ्ठा सुटला की सुट्या काड्या बारा होतात, हे मूल स्वतः मोजते. वर्गातल्या बाई खऱ्या काड्यांनी हेच करतात. फरक इतकाच की तीस मुलांच्या तीस वेगवेगळ्या चुकांकडे एकाच तासात वळणे त्यांना शक्य नसते.

प्रत्येक उत्तर लगेच तपासून मगच पुढचा प्रश्न देण्याची कल्पना जुनी असून, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या १९५० च्या दशकातील अध्यापनयंत्रांमुळे तिला प्रसिद्धी मिळाली. १९६० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकावर आधारित अध्यापनप्रणाली सुरू झाली. दुसरा प्रवाह याच्या उलट दिशेचा आहे. वॉली फ्युरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये घडवलेल्या ‘लोगो’ भाषेत संगणक मुलाला प्रश्न विचारत नाही, मूलच पडद्यावर रेघ काढत जाणाऱ्या कासवाला आज्ञा देते; चौकोन वाकडा आला तर कोणती आज्ञा चुकली ते शोधणे हाच अभ्यास होतो. २००७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबने सर्वांसाठी खुले केलेले ‘स्क्रॅच’ आणि २०१४ मधील ‘स्क्रॅच ज्युनिअर’ ही याच विचाराची पुढची रूपे होत. यांपैकी दुसरे पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी असून त्यातील आज्ञा चित्ररूप असल्याने वाचता न येणारे मूलही ते वापरू शकते.

भारतात १९८४ पासून संगणक साक्षरतेच्या ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, पण त्यांचा रोख वरच्या वर्गांवर होता. प्राथमिक मुलांच्या हाती यंत्र देण्याचा एक गाजलेला प्रयोग नवी मुंबईच्या शेजारी, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथील शाळेत २००७ मध्ये झाला. तेथे प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देऊ पाहणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांना मिळाले होते. पुढच्या दशकात ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा ही जिल्हा परिषदेची छोटी शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून राज्यभर ओळखली जाऊ लागली. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब घेण्याची लाटच आली. यंत्रे आली त्या वेगाने सॉफ्टवेअर सुधारले असे मात्र म्हणता येत नाही, आणि पाड्यावरच्या शाळेत खंडित वीजपुरवठा व थकलेले वीजबिल यांपुढे कोणत्याही आज्ञावलीचे काही चालत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईच्या शहरी भागात अडचण वेगळी आहे. नवी मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालवते. नाक्यावरच्या किंवा बांधकामावरच्या मजुरांची मुले वर्षाच्या मध्येच दाखल होतात, कधी मध्येच गावी जातात. अशा वर्गात इयत्तेनुसार सरकणाऱ्या धड्यांपेक्षा मुलाच्या प्रत्यक्ष पातळीपासून सुरुवात करणारे सॉफ्टवेअर अधिक उपयोगी पडते, कारण चौथीतल्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नसतील तर चौथीचा धडा कितीही रंगीत केला तरी उपयोग नाही.

मराठीसाठी काही प्रश्न खास आहेत. च, ज आणि झ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च लेखनात सारखाच दिसतो. हिंदीसाठी घडवलेला यांत्रिक आवाज मराठीला लावला की ‘चाक’ चुकीचे ऐकू येते आणि ‘ळ’चीही आबाळ होते. अक्षरांच्या आकारांचेही तसेच. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे प्रमाण ठरवली, तरी अनेक ॲपमध्ये हिंदी वळणाचा ‘ल’ दिसतो, आणि पाठ्यपुस्तकातले अक्षर नुकतेच गिरवू लागलेले मूल तेथे अडखळते. गणितात संख्यानामे जड जातात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन सुचवल्यावर मोठा वाद झाला होता; बोलून उत्तर घेणाऱ्या सॉफ्टवेअरने मात्र दोन्ही रूपे ओळखायला हवीत.

बोलणे ओळखण्याचे तंत्र वाचनसरावात सर्वाधिक बदल घडवू शकते. गूगलचे ‘बोलो’ हे ॲप २०१९ मध्ये भारतात आले, त्याच वर्षी त्यात मराठीची भर पडली आणि पुढे त्याचे नाव ‘रीड अलाँग’ झाले. मूल मोठ्याने वाचते आणि अडलेला शब्द ॲप उच्चारून दाखवते. गोष्ट एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. गलबल्याच्या वर्गात ओळख चुकते, म्हणून व्हरांड्याच्या कोपऱ्यात एकेकाला बसवणे बरे. जुन्या संगणकांवर चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘जीकाँप्री’ हा शैक्षणिक खेळांचा संच आणि ‘टक्स पेंट’ हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर ही नावे आवर्जून घ्यावी लागतात. दोन्ही मोफत आहेत आणि जाहिरातींपासून मुक्त आहेत. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून ‘दीक्षा’ या शासकीय मंचावर जाता येते, पण तेथे मुख्यतः चित्रफिती पाहायच्या असतात.

वापराच्या वेळेबाबत केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणासाठीच्या २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रे सुचवली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे.

शिक्षकाच्या दृष्टीने सॉफ्टवेअरची खरी किंमत त्यातील नोंदींत असते. हातच्यापाशी कोण अडले आणि शून्यापाशी कोण, ही यादी हाती आली की दुसऱ्या दिवशी त्या मुलांचा गट करून काड्या घेऊन बसता येते. एकाच टॅबवर तीन मुले आळीपाळीने बसली तर तिघांची उत्तरे एकाच नावावर जमा होतात आणि यादी निरर्थक ठरते. त्यामुळे टॅब कमी असलेल्या शाळांसाठी पासवर्डऐवजी स्वतःच्या चित्रावर बोट ठेवून खाते उघडण्याची सोय उपयुक्त ठरते, कारण पहिलीतले मूलही आपली पाळी आल्यावर खाते स्वतः बदलू शकते.