रिपोर्टची फाईल बाजूला ठेवा, आधी आजींना खुर्चीतून उठताना बघा

घरात कुणी पंचाहत्तरी ओलांडली की फाईल जाड होत जाते, शुगर, टूडी इको, एक्सरे सगळं असतं त्यात, पण आंघोळ स्वतःची स्वतः करता येते का हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं! आणि त्या वयात रोजचं जगणं त्याच्यावरच तर चालतं.

जेरियाट्रिक्सचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीचे खास डॉक्टर आधी तेच बघतात. 1935 मध्ये इंग्लंडात मार्जरी वॉरन या डॉक्टरबाईंनी वर्षानुवर्षं नुसतं पलंगावर झोपवून ठेवलेल्या म्हाताऱ्या पेशंट्सना एकेक करून तपासलं, हालचाल करायला लावली आणि त्यातले बरेच जण चक्क घरी गेले. तिथून हे जेरियाट्रिक्स सुरू झालं.

एक टेस्ट तर एकदम सोपी आहे. हात असलेल्या खुर्चीत बसवायचं, उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा असं सांगायचं आणि वेळ मोजायची, नेहमीची काठी असेल तर चालते. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याची भीती आहे असं धरतात. पण मला विचाराल तर नुसते सेकंद मोजू नका, उठताना हातावर किती जोर देतात, वळताना बारीक बारीक पावलं टाकतात का, भिंतीकडे हात जातो का ते नीट बघा.

मग बीपी, आधी झोपवून आणि मग उभं करून. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊ शकते. यामागे बरेचदा गोळ्याच असतात, बीपीची एकाने दिलेली, प्रोस्टेटची दुसऱ्याने, झोपेची तिसऱ्याने, आणि सगळ्या एकत्र कुणीच बघितलेल्या नसतात. म्हणून गोळ्यांची अख्खी पिशवीच घेऊन जा, चूर्णं, काढे, मेडिकलमधून परस्पर आणलेलं सगळं धरून. फक्त आपल्या मनाने काही बंद करू नका प्लीज.

अजून एक, डॉक्टरांनी आजींना विचारलं की उत्तर मुलगा नाहीतर सून देते. लघवीवर ताबा राहत नाही, पैशांचा हिशोब चुकायला लागलाय, हे आजी सगळ्यांसमोर कधीच सांगणार नाहीत. थोडा वेळ त्यांना डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या, आणि तुम्हाला घरी जे दिसतं ते नंतर वेगळं सांगा.