हृदयाचा ठेका आणि अंगावरची चरबी : एक पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचा ठेका एकसारखा पडत असला, की माग नीट चालला आहे असे विणकर समजतो. हृदयाचे मात्र याच्या उलट आहे. निरोगी माणसाची नाडी श्वास घेताना किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते, आणि लठ्ठपणा आलेल्या अनेकांमध्ये नेमका हाच चढउतार आटत जातो.

हे ध्यानात यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १८४५ मध्ये जर्मनीतील वेबर बंधूंनी मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला विजेने चेतवून हृदय मंदावते, थांबतेही, हे दाखवले; मज्जातंतू एखाद्या अवयवाला आवरूही शकतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस चेतवला, त्या हृदयाभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले आणि तेही मंदावले; म्हणजे व्हेगसचा संदेश रसायनातून पोहोचतो. हृदयाला त्याच्या मज्जातंतूंचा आधार नसेल, तर त्याचा स्वतःचा वेग मिनिटाला शंभराच्या आसपास राहतो; स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी सत्तरीवर येते ती मुख्यतः व्हेगसच्या लगामामुळे.

हा लगाम मोजण्याची सोपी रीत मधुमेहाच्या अभ्यासातून १९७० च्या दशकात रूढ झाली. रुग्णाला खाटेवर निजवून पाच सेकंद श्वास घ्यायला आणि पाच सेकंद सोडायला सांगतात, आणि ईसीजीच्या पट्टीवरून नाडीचा सर्वांत जास्त व सर्वांत कमी वेग काढतात. दोहोंतील फरक मिनिटाला १५ ठोके किंवा अधिक असेल तर ठीक. १० किंवा त्याहून कमी असेल तर मज्जातंतूंना इजा झाल्याची शंका घेतात. इतक्या स्वस्त तपासणीचा आपल्याकडे फारसा उपयोग होत नाही, याची मला खंत वाटते.

लठ्ठपणाचा धागा याला उशिरा जुळला. शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते तसे स्वायत्त मज्जासंस्थेचे (हृदयासारखे अवयव आपल्या नकळत चालवणाऱ्या मज्जातंतूंचे) काम मंदावते, असे १९८८ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले. पुढे १९९५ मध्ये इटलीतील ग्रासी आणि सहकाऱ्यांनी स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतील संदेश थेट टिपले, तेव्हा रक्तदाब वाढलेला नसतानाही लठ्ठ व्यक्तींत या संस्थेची सिंपथेटिक, म्हणजे हृदयाला जलद करणारी बाजू उलट अधिक सक्रिय आढळली. व्हेगसचा लगाम सैल होतो, याविषयी मात्र पुढे बरेच एकमत झाले, आणि वजन उतरले की तो पुन्हा आवळतो, असेही दिसले.

आपल्यासाठी महत्त्वाचे काम पुण्याचे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. ही तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी, दिसायला सडपातळ असलेली बाई वजनकाट्यावर निर्धास्त ठरते ती याच कारणाने. तिच्या कमरेला टेप लावला आणि तो ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला, तर नाडीचा चढउतारही त्याच भेटीत पाहून घ्यायला हवा.