चाचणी क्लस्टर, वितरित डेटाबेसचा

एकाच संगणकावर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रणालीच्या साहाय्याने तीन किंवा अधिक आभासी यंत्रे (व्हीएम) उभारून त्यांवर वितरित डेटाबेसचे (विदा, म्हणजे डेटा, अनेक यंत्रांवर वाटून ठेवणाऱ्या डेटाबेसचे) नोड, म्हणजे त्याच्या गटातील (क्लस्टरमधील) एकेक घटक, चाचणीसाठी चालविण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत अपाचे कॅसँड्रा हा डेटाबेस आधारभूत धरला आहे.

उगम : काही जण या पद्धतीचे मूळ आयबीएमच्या सीपी-६७ (१९६७) आणि व्हीएम/३७० (१९७२) या प्रणालींत शोधतात. एका यंत्रावर अनेक यंत्रांचा आभास निर्माण करण्याचे तंत्र त्यांचेच, हे खरे. पण तेथे नोडांचे परस्परसंबंध तपासण्याचा हेतू प्रधान नव्हता. वैयक्तिक संगणकांवर आभासी यंत्रे १९९९ पासून व्हीएमवेअरमुळे आली. कॅसँड्रा २००८ मध्ये मुक्तस्रोत झाला आणि आभासी यंत्रे मजकुरी फाइलीवरून उभारणारे व्हेग्रंट २०१० मध्ये आले. त्यामुळे आजच्या अर्थाने ही प्रथा २०१० च्या सुमारास वा त्यानंतर रुळली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कॅसँड्राच्या वंशावळीबद्दलही दोन मते आढळतात. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी तो फेसबुकमध्ये रचला. लक्ष्मण हे ॲमेझॉनच्या डायनॅमो या साठवण-प्रणालीवरील शोधनिबंधाचे (२००७) सहलेखक असल्याने कॅसँड्राला डायनॅमोचा वारस म्हणतात. साठवणीची घडण मात्र गूगलच्या बिगटेबल या डेटाबेसची (२००६) आहे. चाचणी क्लस्टरमध्ये कसोटी लागते ती विदेची वाटणी व प्रतिकृती यांची, म्हणजे डायनॅमोकडून आलेल्या अंगाची.

रचना : यंत्रे व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘होस्ट-ओन्ली’ (फक्त यजमान संगणक व त्यावरील यंत्रे यांना जोडणाऱ्या) जाळ्यावर, बहुधा १९२.१६८.५६ या मालिकेतील स्थिर पत्त्यांवर ठेवतात. क्लस्टरचे नाव सर्वत्र एकच, ऐकण्याचा (जोडण्या स्वीकारण्याचा) पत्ता प्रत्येकाचा स्वतःचा. नोड आपसांत ७००० या पोर्टवर बोलतात, क्लायंट ९०४२ वर. तिन्ही यंत्रांना ‘सीड’ (नवा नोड ज्यांच्याकडून क्लस्टरची माहिती घेतो ते नोड) ठरविण्याचा मोह टाळावा : जो नोड स्वतःच्याच सीड-यादीत असतो, तो क्लस्टरमध्ये शिरताना जुनी विदा ओढून घेत नाही.

खरी अडचण क्लोनची, म्हणजे तयार यंत्राच्या प्रतीची. कॅसँड्रा एकदा चालू झाला की नोडाची ओळख (होस्ट आयडी) व टोकन (विदेचा कोणता भाग त्याच्याकडे, हे ठरविणारे अंक) त्याच्या सिस्टिम कोष्टकांत नोंदले जातात. त्यानंतर यंत्राची प्रत काढल्यास दोन नोड एकच ओळख सांगतात. म्हणून प्रत पहिल्या चालनापूर्वी काढावी, किंवा प्रतीतील विदा-निर्देशिका रिकामी करावी.

प्रत्येक नोंदीच्या प्रतिकृती ३ व कोरम (ज्यांचा होकार लागतो अशा प्रतिकृतींची बहुसंख्या) २ असता एक यंत्र बंद पडले तरी वाचन-लेखन चालते. दोन पडल्यास कोरमची मागणी नाकारली जाते, ‘वन’ पातळीची (एकाच प्रतिकृतीच्या होकारावर भागणारी) मात्र चालू शकते. घड्याळांकडे लक्ष हवे. स्थगित करून पुन्हा चालू केलेल्या यंत्राचे घड्याळ मागे राहू शकते, आणि कॅसँड्रात ज्या लेखनाचा वेळठसा (टाइमस्टॅम्प) नंतरचा तेच टिकते. हा ठसा क्लायंटने दिला नसेल, तर मागे पडलेल्या नोडामार्फत नंतर झालेले लेखनही हरते.

पर्याय : सीसीएम हे साधन सर्व नोड एकाच यंत्रावर निरनिराळ्या लूपबॅक (यंत्राने स्वतःशीच बोलण्याच्या) पत्त्यांवर चालविते. ते हलके असल्याने अनेकांना पुरेसे वाटते. पण तेथे कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) व घड्याळ सामाईक असते. नोडांमधील जाळे तोडून डेटाबेस पारखण्याची जी रीत काइल किंग्सबरी यांच्या जेप्सन चाचण्यांनी (२०१३ पासून) रूढ केली, तिच्यासाठी स्वतंत्र आभासी यंत्रेच बरी. वेगाचे मापन मात्र दोन्हींकडे व्यर्थ, कारण सारे नोड बहुधा एकाच डिस्कवर असतात.