गल्ल्याकडून मागाकडे : कापडधंद्यातील माहिती तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी

एखाद्या दुकानात निळा सदरा विकला गेला, ही बातमी त्या सदऱ्याचे कापड विणणाऱ्या गिरणीपर्यंत पोचायला किती काळ लागतो, हा प्रश्न कापडधंद्याने स्वतःला फार उशिरा विचारला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर, स्वस्त आयातीने धास्तावलेल्या अमेरिकेतील कापड आणि तयार कपड्यांच्या उद्योजकांनी कर्ट सॅल्मन असोसिएट्स या सल्लागार संस्थेकडून आपल्या धंद्याची तपासणी करून घेतली. तेव्हा हाती आलेला हिशोब असा होता की, कच्च्या मालापासून कपडा गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत ६६ आठवडे जात आणि त्यांपैकी प्रत्यक्ष कातणे, विणणे, रंगवणे, बेतणे, शिवणे या कामांत फक्त ११ आठवडे खर्च होत. उरलेल्यांपैकी ४० आठवडे माल गोदामात किंवा वाटेवर असे आणि १५ आठवडे दुकानात. यंत्रे वेगवान झाली होती, पण पुढे काय खपते आहे हे मागच्याला ठाऊक नसल्यामुळे माल पडून राहत होता. कापडधंद्यातील संगणकीकरणाचा इतिहास पाहताना हा हिशोब डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगाचे आहे, कारण या तंत्रज्ञानाने विणण्याचा जेवढा वेळ वाचवला त्याहून कितीतरी अधिक वेळ थांबण्याचा वाचवला.

यंत्राला वाचता येईल अशा रूपात माहिती साठवण्याची कल्पना मुळात याच धंद्यात रुजली होती. फ्रान्समधील ल्यों हे रेशमी कापडाचे शहर. तेथे बाझिल बुशों याने १७२५ साली छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीने ताण्याचे, म्हणजे मागावर उभे ताणलेले, धागे निवडण्याची युक्ती केली, पुढे पट्टीच्या जागी पुठ्ठ्याची कार्डे आली, आणि या सगळ्या प्रयत्नांना १८०४च्या सुमारास जोसेफ मारी जाकार याने कामाचे रूप दिले. आपल्याकडे त्याच्या नावाचे ‘जॅकार्ड’ झाले. त्याची रचना सांगायला सोपी आहे. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, प्रत्येक फेरीसाठी एक कार्ड. कार्डावर जेथे छिद्र असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो, जेथे छिद्र नसेल तेथे तो खाली राहतो, आणि उचललेल्या धाग्यांखालून बाण्याचा धागा नेणारा धोटा जातो. नक्षी जेवढी लांब, तेवढी एकमेकांना ओवलेल्या कार्डांची माळ लांब. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीवरील वेलबुट्टी याच तत्त्वाने विणली जाते.

या यंत्राविषयी दोन गोष्टी सर्रास सांगितल्या जातात आणि दोन्ही जराशा दुरुस्त करून घ्याव्या लागतात. पहिली, ल्योंच्या विणकरांनी १८३१ मध्ये केलेला उठाव हा या मागाविरुद्धचा होता, ही. मागाला सुरुवातीच्या काळात कडवा विरोध झाला होता हे खरे, परंतु १८३१चा उठाव मुख्यतः विणाईच्या दरासाठी होता. व्यापाऱ्यांनी किमान दर पाळावा, अशी विणकरांची मागणी होती. दुसरी गोष्ट म्हणजे जॅकार्डच्या कार्डांतून थेट संगणक निघाला, ही. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज याच्याकडे जाकारचे रेशमात विणलेले चित्र होते आणि ते विणायला सुमारे २४ हजार कार्डे लागली होती. बॅबेजच्या नियोजित गणनयंत्राविषयी १८४३ साली टिपणे लिहिताना एडा लव्हलेस हिने या मागाचाच दाखला दिला. पण ते यंत्र पुरे झाले नाही. अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेसाठी छिद्रित कार्डे प्रत्यक्ष वापरणाऱ्या हर्मन होलेरिथने तर आपल्याला ही कल्पना रेल्वेतील तिकीट तपासनिसाच्या छिद्रे पाडण्याच्या पद्धतीवरून सुचल्याचे सांगितले आहे. त्याच्या कंपनीतून पुढे विलीनीकरणाने जी संस्था झाली तिचे नाव १९२४ साली आयबीएम असे ठेवण्यात आले.

येथे महत्त्वाची आहे ती माहितीची दिशा. जॅकार्डच्या कार्डात नक्षीकाराचा हुकूम असे आणि तो मागाने पाळायचा असे. कापड विकले गेले की नाही, पदराची कोणती नक्षी बायकांनी उचलली आणि कोणती तशीच घडीत राहिली, हे कार्डावर परत येण्याची काही सोय नव्हती. ते काम दलाल, अडते आणि फिरते विक्रेते तोंडी करत, आणि त्यांचे अंदाज त्यांच्या सोयीचे असत.

उलट दिशेचा पहिला प्रयत्नही पुठ्ठ्यावरच झाला, ही योगायोगाची गोष्ट. १९५०च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांतील मोठ्या दुकानांमध्ये कपड्याला ‘किम्बल टॅग’ नावाची छोटी छिद्रित चिठ्ठी अडकवलेली असे. विक्री झाली की विक्रेता चिठ्ठीचा तुकडा फाडून पेटीत टाकी, आणि त्या चिठ्ठ्या एकत्र करून यंत्राने वाचल्या की कोणत्या नमुन्याचे, कोणत्या मापाचे किती कपडे गेले हे कळे. दिवसाच्या विक्रीवरून उद्याचे उत्पादन ठरवण्याचा याच काळातील आणखी एक प्रयोग लंडनमध्ये झाला, तोही चहापावाच्या धंद्यात. जे. लायन्स या उपाहारगृहांच्या कंपनीने स्वतःच ‘लिओ’ नावाचा संगणक बांधला आणि १९५१ साली त्यावर बेकरीच्या मालाचा हिशोब सुरू केला. काही वर्षांनी उपाहारगृहांच्या व्यवस्थापिका दूरध्वनीवरून दुसऱ्या दिवसाच्या मागणीतील फरक कळवू लागल्या आणि ‘लिओ’ त्यावरून बेकरीला किती काय लागेल ते काढून देऊ लागला. व्यापारी कामासाठी नियमितपणे चालवलेला हा जगातील पहिला संगणक मानला जातो.

दरम्यान आरेखनाच्या बाजूला वेगळीच चक्रे फिरत होती. आयव्हन सदरलँड याने १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत ‘स्केचपॅड’ तयार करून संगणकाच्या पडद्यावर रेघ ओढता येते हे दाखवले, आणि मोटारी व विमाने बनवणाऱ्यांनी ते तंत्र उचलून धरले. कापडापर्यंत ते आले ते कात्रीच्या निमित्ताने. तयार कपड्याच्या खर्चात कापडाचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे कटिंग मास्तराचे कसब असे ते बाही, कॉलर, पाठ, पुढा हे सगळे तुकडे कापडावर कमीत कमी चिंध्या पडतील अशा रीतीने बसवण्यात. व्हिएन्नाहून नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत गेलेल्या जोसेफ गर्बर या अभियंत्याने १९६९ साली संगणकाच्या आज्ञेने थरांचे थर कापणारे यंत्र बाजारात आणले. विद्यार्थिदशेत त्याने आपले पहिले मोजमापाचे साधन पायजम्याच्या इलॅस्टिकपासून बनवले होते, असे सांगतात. कपड्यांशी नाते म्हणायचे तर तेव्हापासूनचे. १९७३ साली फ्रान्समध्ये लेक्ट्रा ही कंपनी निघाली. एका मापावरून बाकीची मापे काढणे आणि तुकड्यांची मांडणी करणे ही दोन्ही कामे मग टेबलावरून पडद्यावर गेली. १९८३ साली मिलान येथील यंत्रप्रदर्शनात बोनास या ब्रिटिश कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडले. नक्षी बदलायची म्हणजे चौकटींच्या कागदावर ती रंगवायची, कार्डे पाडायची, ती ओवायची, मागावर चढवायची. या दीर्घ उठाठेवीऐवजी आता मागाला दुसरी फाइल दिली की पुरे होते.

पण आरेखन जलद झाले, कापणी जलद झाली, विणकाम जलद झाले, तरी १९८५च्या आसपास ते ६६ आठवडे तसेच उरले होते. तिन्ही ठिकाणी संगणक होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांना बोलायला लावणारी वस्तू, म्हणजे बारकोड, किराणा दुकानातून आली.

नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ साली ज्या चिन्हाचे पेटंट मिळाले ते गोल होते. मायामीच्या किनाऱ्यावर बसलेल्या वुडलँडने मोर्स लिपीतील टिंबे आणि रेघा वाळूत बोटांनी खाली ओढल्या, त्यातून जाड-बारीक पट्ट्यांची कल्पना निघाली. ती वाचायला पुरेसा स्वस्त लेसर आणि संगणक नव्हता, म्हणून ती वीस वर्षे पडून राहिली. अमेरिकेतील किराणा व्यापाऱ्यांनी आणि उत्पादकांनी १९७३ साली आयबीएमच्या जॉर्ज लॉरर याने आखलेले आयताकृती चिन्ह सर्वांसाठी एकच म्हणून स्वीकारले, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे एक पाकीट ६७ सेंटांना बारकोड वाचून विकले गेले. या घटनेतील तंत्र जितके महत्त्वाचे, तितकाच, किंबहुना माझ्या मते अधिक, महत्त्वाचा होता तो परस्परांच्या प्रतिस्पर्ध्यांनी एकाच क्रमांकपद्धतीवर केलेला समझोता.

कपडेवाले मागे राहिले, त्याला कारण होते. साबणाची वडी एकच असते. सदरा पाच रंगांत आणि सहा मापांत असला की त्याचे तीस क्रमांक होतात, आणि पुढच्या हंगामात ते सगळे रद्द होतात. तरीही आयातीच्या भीतीने १९८६ साली अमेरिकेतील दुकानदार व उत्पादक एका समितीत एकत्र आले आणि किराण्याचाच बारकोड कपड्यांना लावायचे ठरले. ‘क्विक रिस्पॉन्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या मोहिमेत वॉलमार्ट, पुरुषांच्या पँट शिवणारी सेमिनोल आणि कापड विणणारी मिलिकेन अशा साखळ्या जोडून प्रयोग झाले. गल्ल्यावरील विक्रीचे आकडे ठरावीक नमुन्यातील इलेक्ट्रॉनिक संदेशांनी शिवणाऱ्याकडे आणि विणणाऱ्याकडे जाऊ लागले. वॉलमार्टने १९८७ साली आपली दुकाने उपग्रहाने जोडली आणि १९९१ साली ‘रिटेल लिंक’द्वारे पुरवठादारांना त्यांच्या मालाची विक्री पाहण्याची मुभा दिली.

या दिशाबदलाला संगणक अनिवार्य नव्हता, हेही नोंदवायला हवे. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटात मांडणीवरून जेवढे गेले तेवढेच पुन्हा भरले जाते या गोष्टीवरून धडा घेऊन ‘कानबान’ची पद्धत बसवली, आणि ती साध्या कागदी चिठ्ठ्यांवर चालत असे. इटलीतील बेनेटनने तर मालाच्या क्रमातच बदल केला : लोकर आधी रंगवून मग स्वेटर विणण्याऐवजी काही स्वेटर बिनरंगी विणून ठेवायचे आणि कोणता रंग खपतो हे कळल्यावर रंगवायचे. स्पेनमधील झारा हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. १९७५ साली ला कोरुन्या येथे पहिले दुकान उघडणाऱ्या या कंपनीचे मुख्यालय जवळच्याच आर्तेइशो गावी आहे. तेथे आरेखक आणि दुकानांशी रोज बोलणारी मंडळी एकाच दालनात बसतात, दुकानांचे व्यवस्थापक आठवड्यातून दोनदा मागणी नोंदवतात, आणि बराचसा माल स्पेन, पोर्तुगाल व मोरोक्को अशा हाकेच्या अंतरावर थोड्या-थोड्या संख्येने शिवला जातो. गंमत म्हणजे चालू शतकाच्या सुरुवातीला जगभर वाखाणल्या जाणाऱ्या या कंपनीच्या गल्ल्यांवरील संगणक जुन्या डॉस प्रणालीवर चालत होते. प्रत्येक कपड्याला रेडिओलहरींनी वाचता येणारी चिप लावण्याचे काम तिने २०१४च्या सुमारास हाती घेतले.

अमेरिकेत गिरणी, शिवणखाना आणि दुकान जोडण्याची धडपड चालू होती, त्याच दशकात मुंबईत नेमके उलट घडले. येथील मोठ्या गिरण्यांत कताई, विणाई आणि रंगाई एकाच आवारात होत असे आणि काहींची स्वतःची विक्रीची दुकानेही होती, म्हणजे माहिती फिरायला निदान वाट तरी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर या गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे जाण्याची आधीच सुरू झालेली प्रक्रिया वेगाने पुरी झाली. माल स्वस्त झाला, धंदा हजारो छोट्या शेडांत विखुरला, आणि माग व गल्ला यांच्यामध्ये सूतव्यापारी, कापडव्यापारी, प्रोसेसवाला, दलाल, शिवणारा अशी माणसांची रांग उभी राहिली.

या रांगेत संगणक शिरला तो हिशोबाच्या वहीतून. ‘टॅली’ची सुरुवात १९८६ची. गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याची खाती ठेवायला मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भरत याने ते बेंगळुरूत लिहिले. म्हणजे भारतीय पेढ्यांत सर्वाधिक रुळलेल्या या सॉफ्टवेअरचे मूळही कापडगिरण्यांच्या पुरवठ्यातच सापडते. बारकोडचे ८९० हे भारतीय आद्यांक देणारी संस्था १९९६ साली स्थापन झाली, आणि अंधेरीत १९९१ साली उघडलेल्या शॉपर्स स्टॉपसारख्या दुकानांतून पुढे बारकोड वाचणारा गल्ला मुंबईकरांच्या ओळखीचा झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आणि पुढच्या वर्षीपासून मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद करणारे ई-वे बिल आल्यावर, ज्यांनी तोवर संगणक टाळला होता त्या कापडव्यापाऱ्यांनाही तो घ्यावा लागला.

इचलकरंजीत ज्यांना ‘खर्चीवाले’ यंत्रमागधारक म्हणतात, त्यांच्यापर्यंत यातले काय पोचले, हे पाहण्यासारखे आहे. व्यापारी त्यांना सूत देतो, ते मजुरीवर कापड विणून देतात, आणि मजुरी पिकांवर, म्हणजे एका इंचात बाण्याचे किती धागे पडले त्यावर, मोजली जाते. काहींच्या शेडमध्ये आता धोट्याचे जुने माग जाऊन संगणकीय नियंत्रणाचे बिनधोट्याचे माग आले आहेत, आणि कोणत्या पाळीत किती पिके पडली हे मागावरच्या पडद्यावर दिसते. त्या कापडाचे पुढे काय शिवले गेले आणि ते कोणत्या दुकानात किती दिवसांत खपले, हे मात्र मागधारकाला सहसा कळत नाही. कापडाचे तागे टेम्पोत चढले की त्यांच्या प्रवासाची नोंद ई-वे बिलावर होते. ती नोंद कर खात्याकडे जाते, मागाकडे येत नाही.